आऊट काढायचा की चाकच बदलायचे?

सायकलच्या दुकानातल्या बाकड्यावर अर्धा तास बसले की एक प्रश्न हमखास कानावर येतो. गिऱ्हाईक वेडेवाकडे फिरणारे चाक घेऊन येते आणि विचारते, "आऊट काढून भागेल, की चाकच बदलू?" मिस्त्री लगेच उत्तर देत नाही. सायकल उलटी करतो, चाक जोरात फिरवतो आणि रिमजवळ अंगठा धरून बघत राहतो. रिम कुठे अंगठ्याला घासते, कुठे लांब पळते. मग दोन-चार तारा बोटाने छेडतो. एवढे झाल्यावर निकाल.

वरवर हा किरकोळ खर्चाचा प्रश्न. पण आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाला (मी त्यातलीच!) असल्या किरकोळ प्रश्नांच्या मागे काय दडले आहे ते उकरायची खोड असते. लढाया आणि तहांच्या सनावळ्या मुलांकडून पाठ करून घेतल्या, पण चाकाच्या इतिहासाला आमच्या पाठ्यपुस्तकात "चाकाचा शोध ही मोठी क्रांती होती" या एका ओळीपलीकडे जागा नव्हती. चाक मोडल्यावर माणसाने काय केले, हा इतिहास तर कुठेच नाही. म्हणून म्हटले, आपणच थोडा लिहावा.

आपल्याकडचे जुने चाक म्हणजे बैलगाडीचे. मध्ये लाकडी तुंबा, त्यातून निघालेले जाडजूड आरे, कडेला वळणदार लाकडी तुकड्यांचे कडे आणि त्यावर लोखंडी धाव. लोहार धाव लालबुंद तापवायचा, ती फुगली की चाकावर चढवायचा आणि वरून पाणी ओतायचा. धाव आकसली की सगळे लाकूड करकचून आवळले जायचे. या चाकात गाडीचा भार खालच्या बाजूच्या आऱ्यांवर उभा असतो. खांबावर घर उभे असते तसा. म्हणून आरे जाड. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव सैल झाली की गाडी ओढ्यात नेऊन उभी करायची, म्हणजे लाकूड पाणी पिऊन फुगे.

असले चाक मोडले तर काय करायचे, हा प्रश्न गावात फारसा पडतच नसे. सुतार आणि लोहार दोघेही बलुतेदार. शेतकरी सुगीला त्यांना धान्य देणार आणि ते वर्षभर त्याची अवजारे, गाडी नीट ठेवणार. म्हणजे दुरुस्तीचे दाम आधीच चुकते झालेले! नव्या चाकाला मात्र बाभळीचे चांगले लाकूड हवे, लोखंड हवे. तेव्हा आरा बदला, पाचर ठोका, धाव पुन्हा चढवा, पण चाक टाकू नका. बलुतेदारी व्यवस्थेचे दोष मी वर्गात पुष्कळ सांगितले आहेत आणि ते खरेच आहेत. पण एवढे खरे की दुरुस्ती करायची की नवे घ्यायचे, हे तिथे चाकाच्या अवस्थेपेक्षा त्या व्यवस्थेनेच ठरवलेले होते. पुढे सायकलच्या चाकाचेही असेच झाले, आणि मला सांगायचे आहे ते हेच.

सायकलची सुरुवात लाकडी चाकांवरच झाली. जर्मनीतल्या मानहाइममध्ये कार्ल द्राइस याने १८१७ साली पायांनी जमीन रेटत चालवायची दुचाकी केली. तिला पायडल नव्हते. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले, पण चाके लाकडाचीच आणि वर लोखंडी पट्टी. दगडी रस्त्यावर ती इतकी हादरायची की इंग्रजांनी तिला हाडे खिळखिळी करणारी असे नाव ठेवले. थोडक्यात, बैलगाडीचेच चाक, फक्त बैलाच्या जागी माणूस.

तारांच्या चाकाची कल्पना गंमत म्हणजे सायकलसाठी सुचलेली नाही. इंग्लंडमधले जॉर्ज केली आकाशात उडणारे यंत्र कसे करता येईल याचा विचार करत होते. त्याला हलकी चाके हवीत. १८०८ साली त्यांच्या मनात आले की जाड आऱ्यांऐवजी ताणलेल्या दोऱ्या किंवा तारा वापरल्या तर? कल्पना वहीत राहिली. पुढे पॅरिसच्या यूजीन मेयर याने १८६९ साली तारांच्या चाकाचे पेटंट घेतले. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री गावात जेम्स स्टार्ली याने तशी चाके असलेली सायकल काढली आणि १८७४ साली तारा सरळ न लावता तिरक्या, एकमेकींना ओलांडून जाणाऱ्या लावण्याची पद्धत बसवली. आज आपल्या दारातल्या सायकलच्या मागच्या चाकात तीच पद्धत आहे. सरळ तारा भार पेलतात, पण हब फिरवला की त्यांना रिम नीट ओढता येत नाही. तिरक्या तारा ओढू शकतात.

(तारांचे चाक विमानाच्या स्वप्नातून आले आणि १९०३ साली पहिले विमान उडवणारे राइट बंधू हे डेटन गावचे सायकल दुकानदार! त्यांचे विमान ज्या गाड्यावरून रुळावर धावले, त्याला सायकलचे हब बसवले होते. इतिहास कधीकधी असा गोल फिरून येतो.)

आता या चाकाची खरी खुबी. लाकडी आरा भार खाली दाबून पेलतो. तार तसे करूच शकत नाही. तार हातात उभी धरून वरून दाबून बघा, लगेच वाकते. पण ओढली तर दोन मिलिमीटरची पोलादी तार मोठा माणूस सहज पेलते. म्हणून चाक बांधताना सगळ्या तारा आधीच ताणून ठेवतात. सायकलवर बसल्यावर जमिनीलगतच्या तारांचा ताण थोडा उतरतो, चाक पुढे गेले की परत चढतो. म्हणजे प्रत्येक तार प्रत्येक फेऱ्याला एकदा ढिली होते आणि एकदा घट्ट होते.

याचा थोडा हिशोब मांडू. जुन्या २८ इंची चाकाचा एक फेरा म्हणजे सुमारे सव्वादोन मीटर. एका किलोमीटरला साधारण साडेचारशे फेरे. चार किलोमीटरवर शाळा असेल तर जाऊन-येऊन रोजचे ३६०० फेरे. वर्षाला शाळेचे २०० दिवस धरले तर सात लाखांहून जास्त. एकेक तार वर्षात सात लाख वेळा ढिली-घट्ट होते! लोखंडी तार हाताने इकडेतिकडे वाकवत राहिलो की शेवटी तुटते, तेच इथे हळूहळू होते. आणि तार तुटते ती बहुधा हबजवळच्या बाकावर, जिथे तिला मुरड असते.

यातून एक उलटे वाटणारे सत्य निघते. ढिली तार जास्त दिवस टिकेल असे आपल्याला वाटते, पण ढिलीच आधी तुटते. चांगली ताणलेली तार भार आला तरी थोडीशीच ढिली होते, धक्का शेजारणींबरोबर वाटून घेते. ढिली तार मात्र प्रत्येक फेऱ्याला पार लुळी पडते आणि पुन्हा हिसका खाते. अमेरिकेतले इंजिनिअर जॉब्स्ट ब्रँट यांनी १९८१ साली सायकलच्या चाकावर एक अख्खे पुस्तक लिहून हे गणिताने दाखवले. आमच्या गावचे मिस्त्री ते तारा छेडून, आवाजावरून सांगत. तानपुरा लावणारा माणूस आणि चाक बांधणारा मिस्त्री यांचे कान एकाच जातीचे!

या चाकाची आणखी एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तारेच्या टोकाला आटे असतात आणि रिमच्या भोकातून त्यावर एक छोटी पितळी टोपी बसते. तिला आपण निपल म्हणतो. ती फिरवली की ती एकच तार आवळते किंवा सैल होते. बाकी चाकाला हात लावावा लागत नाही. म्हणजे हे चाक जन्मालाच आले ते दुरुस्त होण्यासाठी. एक तार तुटली तर एक बदला. रिम गेली तर हब राखा. चाक ही एक वस्तू नाहीच. हब, तारा, निपल, रिम, छर्रे, कोन आणि टायर-ट्यूब यांचे ते एकत्र कुटुंब आहे. एक माणूस आजारी पडला म्हणून कोणी घर मोडत नाही.

पुढे १८८५ साली स्टार्लीच्याच पुतण्याने दोन सारख्या चाकांची, साखळीची सायकल आणली. १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तिचाकीसाठी हवेचा टायर केला. १८९१ मध्ये फ्रान्सच्या मिशेलिन बंधूंनी काढता-घालता येणारा टायर आणला, आणि पंक्चर ही रस्त्याच्या कडेला बसून काढायची गोष्ट झाली. यानंतर चाक मुळापासून फारसे बदललेले नाही.

नेमक्या त्याच १८८८ साली ही सायकल आपल्याकडच्या एका मोठ्या कथेत शिरली. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामुअण्णा यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढचा लोखंडी नांगर, १९१० ची किर्लोस्करवाडी, पंप आणि यंत्रे हे सगळे आपल्याला माहीत आहे, पण त्याची सुरुवात सायकलच्या दुकानातली आहे. परदेशी सायकल विकायची तर ती मोडल्यावर नीटही करता आली पाहिजे. इंग्लंडहून सुटा भाग यायला महिने लागणार. तेव्हा दुरुस्तीवाचून गत्यंतर नाही. लोखंडाशी अशी रोजची झटापट करणाऱ्या दुकानातून पुढे कारखानदार निघाला, यात मला नवल वाटत नाही.

आणि ही चाके किती टिकत? मुंबईच्या काही पारशी तरुणांनी १९२३ च्या ऑक्टोबरात सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा सुरू केली. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगारा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये परत मुंबईला पोचले. वाळवंटे, डोंगर, चिखल, साडेचार वर्षे. दुकान नाही अशा मुलखात आपल्या चाकाचे मिस्त्री आपणच.

युद्धात तर या प्रश्नाला फारच गंभीर रूप आले. ८ डिसेंबर १९४१ ला जपानी फौज मलायात उतरली आणि १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडले. सत्तर दिवस! यात सायकलींचा मोठा वाटा होता. हजारो जपानी सैनिक सायकलवरून खाली सरकत होते. उन्हात टायर फुटले की ते टायर काढून टाकत आणि नुसत्या रिमवर चालवत. रात्रीच्या वेळी डांबरी रस्त्यावर शेकडो लोखंडी रिमांचा खडखडाट ऐकून समोरच्या सैनिकांना रणगाडे आल्यासारखे वाटे, असे जपानी अधिकाऱ्यांनी नंतर लिहिले आहे. समोरच्यांत आपल्या भारतीय पलटणीही होत्या. जपान्यांच्या प्रत्येक तुकडीबरोबर सायकल दुरुस्त करणारी माणसे असत. आणि मुख्य म्हणजे जपानी सायकली युद्धाआधीपासून मलायात विकल्या जात होत्या, त्यामुळे सुटे भाग गावोगाव मिळत होते. ज्याला भाग मिळतो तो पुढे जातो, हा धडा लष्करी इतिहासात क्वचितच कोणी अधोरेखित करतो.

मलाया गेल्यावर दोस्तांचे रबर गेले आणि टायरवर निर्बंध आले. जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलंडमध्ये तर लोकांनी बागेची नळी किंवा लाकडाच्या चकत्या रिमवर बसवून सायकली चालवल्या. जुन्या टायरचा तुकडा आत घालून फाटका टायर चालवणे, म्हणजे गेटर, आमच्या पिढीनेही पुष्कळ पाहिले. टायरला असे उचकलेले टेंगूळ आले की गेटरची सायकल लांबून ओळखू यायची.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. १९४९ मध्ये मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनिपतला ॲटलास, १९५२ मध्ये आसनसोलला सेन-रॅले, १९५६ मध्ये लुधियानाला हीरो. मुंबईत हिंद सायकल्स त्याआधीपासून होतीच. लुधियानात गल्लोगल्ली छोटे कारखाने निघाले. कोणी फक्त रिम करणार, कोणी फक्त तारा, कोणी हब. आणि सगळ्यांचे माप एकच! २८ बाय दीड इंच. इंग्रजी रोडस्टर सायकलच्या पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०, हा हिशोबही तसाच पुढे चालू राहिला. त्यामुळे एका कंपनीच्या हबवर दुसरीची रिम आणि तिसरीच्या तारा सुखाने नांदत. देशात कुठल्याही बाजाराच्या गावी टपरीवर भाग मिळे. इंग्रज गेले, पण त्यांनी मागे ठेवलेल्या गोष्टींत हे एकच माप माझ्या मते गरिबाच्या फार उपयोगी पडले.

तो काळ ज्यांनी पाहिला त्यांना भाड्याच्या सायकलींची दुकाने आठवतील. तासावर सायकल मिळायची. नवशिके ती धडाधड आपटायचे. दुकानदाराला चाक बदलणे परवडणारे नव्हते आणि उभे ठेवणेही परवडणारे नव्हते, कारण उभी सायकल म्हणजे बुडालेले भाडे. मग रात्री दुकान बंद करताना आऊट काढणे, तारा घालणे, ओव्हरऑइलिंग हे सगळे चाले. पोरे तिथे बघत बघत मिस्त्री होत. तेच पुढे स्वतःची टपरी टाकत. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, त्या शहराची ही खरी तंत्रशाळा होती.

मी ज्या गावी शिकवत होते ते सातारा जिल्ह्यातले बाजाराचे गाव. आजूबाजूच्या वाड्यांवरून मुले चालत येत. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नववीतली एक मुलगी चार किलोमीटरवरच्या वाडीवरून वडिलांच्या जुन्या सायकलवर यायची. दांडीची सायकल, नळीखालून पाय घालून चालवायची. मुलगी हुशार. एकदा सलग आठ दिवस आली नाही. चौकशी केली तर मागच्या चाकाच्या तारा तुटल्या होत्या. वडिलांनी तुटक्या तारा शेजारच्या तारांना गुंडाळून काही दिवस काढले होते. मग चाक इतके आऊट झाले की टायर मागच्या चिमट्याला घासून फिरेनासा झाला. चालत का येत नाही म्हटले तर, सकाळी धारा आणि पाणी उरकून चालत निघायला तिला वेळ पुरत नव्हता. सायकल होती म्हणून शाळा होती.

रविवारी बाजारच्या दिवशी वडील खांद्यावर नुसते चाक घेऊन आले. मी तिथेच होते. मिस्त्रीने चाक फिरवून बघितले, निपलच्या भोकांशी गंजाने तडे गेले होते ते दाखवले आणि म्हणाला, "बाई, आऊट काढून ह्येचा काय उपेग न्हाई. ताण दिला की भोकं फाटत्याली. रिम गेली." वडिलांचा चेहरा उतरला. नव्या भरलेल्या चाकाची किंमत त्यांच्या आवाक्यातली नव्हती. ते म्हणाले, "मग ऱ्हाऊ द्या. एवढा हंगाम निघू द्या, मग बघू." हंगाम निघेपर्यंत शाळेचे वर्ष निघून जाणार आणि नववीतली मुलगी घरी बसली की पुढे काय होते ते मला पुष्कळ वेळा बघायला मिळाले होते.

मिस्त्रीने मग तिसरेच केले. माळ्यावरून एक जुनी पण धड रिम काढली. चाकाला लावून भोके जुळवली, दोन्ही रिम सुतळीने एकमेकींना बांधल्या. आणि जुन्या रिममधून एकेक तार सोडवून तशीच शेजारच्या रिममध्ये घालत गेला. चाक मोडले नाही, तारांची वीण विस्कटली नाही. जणू एका बिऱ्हाडातून दुसऱ्या बिऱ्हाडात सामान हलवावे तसे हळूहळू चाक स्थलांतरित झाले. सगळ्या तारा पलीकडे गेल्यावर जुनी रिम गळून पडली. तुटलेल्या जागी सात नव्या तारा, हबमध्ये नवे छर्रे आणि ग्रीस. मग आऊट. तासाभराचे काम. पैसे निम्म्याहून कमी. सोमवारी मुलगी शाळेत. पुढे दहावी झाली, नर्सिंगला गेली.

त्या दिवशी मला कळले की "दुरुस्ती की नवे" हा प्रश्नच अर्धवट आहे. जाणता हात असेल आणि भाग सुटा मिळत असेल तर या दोन्हींच्या मध्ये खूप मोठी जागा असते. गरिबाचा संसार त्या मधल्या जागेतच चालतो.

हे एका मुलीपुरते नाही. बिहारने २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला तेव्हा माध्यमिक शाळेतली मुलींची योग्य वयातली नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या. फार चांगली गोष्ट. पण सायकल दिली त्या दिवशी फोटो निघतो. दोन वर्षांनी तार तुटते, त्या दिवशी कोण असते? वाडीवर मिस्त्री नसेल तर ती सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकून गंजत राहते. सायकलींबरोबर प्रत्येक शाळेत तारा कसायची एक चावी, थोड्या सुट्या तारा आणि ते काम शिकलेली दोन मुले-मुली, एवढे झाले तरी पुष्कळ. कार्यानुभवाच्या तासाला आपण कागदाची फुले करत बसतो!

आणि मिस्त्री का कमी झाले? लुना आली, स्कूटर आली, मग मोटरसायकल. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती, म्हणजे सायकल संपलेली नाही. पण शहरांतून ती कामावरून व्यायामाकडे सरकली. ॲटलासने २०२० च्या जूनमध्ये साहिबाबादचा कारखाना बंद केला. शिवाय आता माप एक राहिलेले नाही. २६, साडेसत्तावीस, २९, ७०० अशी नाना मापे, गिअरचे नाना प्रकार, डिस्क ब्रेक. मिस्त्रीकडे जुळणारी रिम नसते. जुळवून मागवली तरी बांधायला तास-दीड तास, आणि त्या वेळाची मजुरी धरली की कारखान्यात यंत्राने भरलेले चाक स्वस्त पडते. मग तो सांगतो, "चाकच बदला." त्यात त्याची लबाडी नसते. हिशोब त्याच्या हातातून निसटला आहे, एवढेच.

पण हा हिशोब काही निसर्गाने ठरवलेला नाही, तो माणसांनीच ठरवलेला आहे. स्वीडनने १ जानेवारी २०१७ पासून सायकल दुरुस्तीवरचा कर २५ वरून १२ टक्के केला, २०२२ मध्ये ६ टक्के केला आणि २०२३ मध्ये परत २५ वर नेला. फ्रान्सने २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीनंतर जुनी सायकल दुरुस्त करायला ५० युरोंपर्यंत मदत दिली, आणि लोकांनी तळघरांतल्या सायकली बाहेर काढल्या. म्हणजे तेच चाक, तीच तुटलेली तार, पण सरकारचा एक कागद बदलला की उत्तर बदलते.

आता कोणी म्हणेल, बाई, इतिहास पुरे, आमच्या चाकाचे काय करू ते सांगा! बाकड्यावर बसून जे शिकले ते सांगते. एखाद-दुसरी तार तुटली असेल तर तेवढीच बदला आणि लगेच बदला, कारण तिचा भार शेजारणींवर पडतो. महिन्या-दोन महिन्यांनी एकेक तार तुटतच राहिली तर समजा की सगळ्याच थकल्या. त्याच हबवर आणि रिमवर तारांचा पूर्ण नवा संच घाला. चाक डावी-उजवीकडे डुलत असेल तर आऊट निघतो. खड्ड्यात आपटून रिमला चेप बसला असेल आणि चाक वर-खाली उडत असेल तर पूर्ण निघणे कठीण. चाक सरळ दिसते, पण काही तारा सतारीसारख्या वाजतात आणि काही मुक्या, असे झाले तर ते सरळपण चार दिवसांचे. निपलच्या भोकांशी तडे दिसले तर रिमशी भावनिक होऊ नका, ती बदलाच. ॲल्युमिनियमची रिम असेल आणि ब्रेकचे रबर तिच्या बाजूंना घासत असेल तर त्या बाजूंवरून बोट फिरवा. खोलगट लागली तर धातू झिजून पातळ झाला आहे. अशी बाजू टायरच्या दाबाने एकाएकी फुटू शकते. जुन्या सळईच्या ब्रेकांचे रबर रिमला आतल्या अंगाने लागते, त्यांच्याबाबत ही भीती कमी, तिथे गंजाकडे बघायचे. हब खडखडत असेल तर आधी छर्रे आणि कोन बघून घ्या. त्यासाठी चाक टाकायचे कारण नाही.

आणि एक. दुकानदाराने चाक बदला म्हटले तर जरूर बदला, पण आधी एकदा विचारा, "यातले काय काय चांगले आहे?" नेमके काय बिघडले आहे हे माहीत असलेला माणूस या प्रश्नाचे उत्तर आनंदाने देतो. उत्तर देणारा भेटला तर त्याचे दुकान धरून ठेवा, आणि घरातल्या नातवंडाला सुटीत चार दिवस त्याच्या बाकड्यावर बसवा. जुने चाक वाचो न वाचो, तारा ऐकणारा कान तरी पुढच्या पिढीत राहील.